दोन्ही पाय

गाडी डावीकडे कलली आणि मनालीच्या टाचा पुन्हा हवेतच राहिल्या. प्रविणने धावत येऊन हॅन्डल पकडलं.

"वहिनी, तुमचा दोष नाही," तो म्हणाला. "ही गाडी अश्वजितच्या उंचीची हाये. आपण गाडीलेच खाली आणू."

प्रविणचं गॅरेज जवाहरनगरच्या रस्त्यावर होतं. मनालीचा नवरा अश्वजित कामावर फॅक्टरीच्या बसने जायचा आणि त्याची मोटरसायकल दिवसभर अंगणात उभी असायची. मनाली नर्स होती. गावोगावच्या बाळंतिणींकडे जायला तिला फाट्यावर एस.टी.ची वाट बघावी लागायची. अश्वजितने तिला मोठ्या हौसेने गाडी शिकवली. चालवणं जमलं, थांबणं काही जमेना. सासूबाई, तुळसाबाई, ओट्यावरून बघत असायच्या. "पडशील," एवढंच म्हणायच्या. म्हणून आज मनाली घरी न सांगताच आली होती.

प्रविणने सीटचं कव्हर उघडून फोम कापला. मागचे शॉकअप नरम केले, तशी गाडी आणखी खाली बसली. मग पान्याने बोल्ट सैल करून हॅन्डल तिच्याकडे ओढलं.

"आता हात ताणावं लागते काय?"

"नाही."

"मंग एक चक्कर मारून या."

ती नाल्याच्या पुलापर्यंत गेली, वळली आणि गॅरेजसमोर येऊन थांबली. दोन्ही तळपाय मातीवर सपाट टेकले. मनाली एकटीच खळखळून हसली. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला वळून बघायला लागला.

आणि तिचं हसू तिथेच थांबलं. समोर भाजीची थैली घेऊन तुळसाबाई उभ्या होत्या.

"आई, मी सांगणारच होते..."

तुळसाबाईंनी तिच्याकडे नाही, तिच्या चपलांकडे बघितलं. "टेकतेत पाय?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"उतर खाली."

मनाली उतरली. प्रविण पाना पुसत बसला. तुळसाबाईंनी थैली त्याच्या बाकावर ठेवली, लुगडं खोचलं आणि हॅन्डल धरून सरळ सीटवर टांग टाकली.

"आई!"

"ओरडतेस कायले? तुह्या सासऱ्यानं मले शिकवाले काढली होती गाडी. पाय पुरे ना. आपटली धाडकन. गाडी खाली करता येते, हे कोणी सांगतलंच नाही बाप्पा!"

त्यांनी हॅन्डल डावीउजवीकडे वळवून बघितलं. चेहरा हसत होता. मग त्यांनी खाली वाकून बघितलं. एक पाय टेकला होता, दुसरा अजून अधांतरी होता.

"प्रविण," त्या म्हणाल्या, "अजून बोटभर खाली घे रे. हिच्या सुट्टीच्या दिवशी गाडी मी नेईन."