वेगळा व्हीलॅन

दोन हजार साली तंजावूरच्या त्या सूतगिरणीत नेटवर्कचा स्विच कळणारी हरिप्रिया एकटीच होती. शुक्रवारी मॅनेजरनं तिला स्विचच्या बारा पोर्टची यादी दिली; एकेक पोर्ट म्हणजे एकेकाचा कंप्यूटर.

"हे बाकी नेटवर्कपासून तोडून वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाक. सोमवारपासून या लोकांना सर्व्हर दिसता कामा नये. कामावरून काढल्याची पत्रं दुपारी निघतील. तोवर कुठं बोलू नको."

सातव्या पोर्टाशी तिचा हात थबकला. पण नोकरी नवी होती. तिनं तोही बदलला. दोन दिवस घरी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

सोमवारी सकाळी स्टोअर्समधून अप्पांचा फोन आला.

"हरी, माझं कंप्यूटर बिघडलंय की. सगळ्यांना म्हटलं, थांबा, माझी लेक येऊन नीट करते."