सणाचे दोन कागद

"आणखी एक घे," म्हणत एव्हांथियामावशीने स्त्रातिसच्या ताटात भरली भोपळी मिरची वाढलीच. "सुट्टीला आलेला माणूस वाळून परत गेला, तर गाव मला नावं ठेवील."

"गावाचं सोडा, मावशी. या वजनाला पिरेयस बंदराची बोट मला घ्यायची नाही."

मावशी हसली; सुट्टीला येणाऱ्यांना ती घरातली खोली भाड्याने द्यायची आणि सगळ्यांचीच मावशी व्हायची. द्राक्षवेलीच्या सावलीत टेबल, खाली निळाशार समुद्र. उद्या देवमातेचा सण, म्हणून वरच्या चर्चमध्ये म्हातारा थोदोसिस स्तोत्रं घोळवत होता. त्याचा आवाज पायऱ्या उतरून अंगणात आला, की स्त्रातिसचा घास हातातच राहायचा. उभा जन्म जहाजावर गेलेला माणूस; इतकं गोड कुणी देवाला हाक मारतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आठ दिवस असेच सुखात गेले होते. सकाळी पोहणं, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी चर्चच्या कट्ट्यावर गाणं ऐकणं.

फक्त कोटाच्या आतल्या खिशाकडे हात गेला, की तो झटकन मागे घ्यायचा. तिथे रुमालात गुंडाळलेला बाप्तिस्म्याचा क्रूस होता. मार्कोसचा. मावशीच्या एकुलत्या एका मुलाचा.

बापाशी भांडून घर सोडलेल्या मार्कोसने जहाजावर आडनावही खोटंच सांगितलं होतं. तो दूरच्या बंदरात तापाने गेला, तेव्हा घरी कळवणार कोण? जाताना त्याने क्रूस स्त्रातिसच्या हातात ठेवला होता. "आईला दे," म्हणत गावाचं आणि तिचं नाव तेवढं सांगितलं होतं.

आल्या दिवशीच सांगायचं, असं स्त्रातिसने ठरवलं होतं. पण मावशीने दारातच त्याचा खारट कोट उतरवून घेतला, झटकला, खुंटीला टांगला आणि त्याला जेवायला बसवलं. रात्री त्याने खिसा चाचपला. रुमाल जागेवर होता. त्याला साबणाचा वास येत होता. पण तो तर घरभर येत होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या फोतिनीने त्याला कुंपणावरून गाठलं. "समुद्राकडची खोली दिली का तुला? नशीबवान आहेस. मार्कोसची ती. आम्हाला झाडायलासुद्धा देत नाही. अकरा वर्षं पत्र नाही पोराचं, तरी सणाला चर्चमध्ये वाचायच्या कागदावर हयातांत पहिलं नाव त्याचंच."

मग सांगायचं कसं? आज नाही, उद्या. असं करत नववा दिवस उजाडला होता. उद्या दुपारी त्याची बोट.

ताटं उचलून मावशीने दोन कागद आणि पेन आणलं.

"माझे डोळे अधू झालेत आता. पाद्रीबाबांना वाचायला नावं द्यायचीत, लिहून दे. हा हयात माणसांचा."

स्त्रातिसने कागद पुढे ओढला. पहिलं नाव मार्कोस येणार.

"फोतिनी," मावशी म्हणाली. "तिच्या जिभेसकट. मग थोदोसिस. मग स्त्रातिस."

"माझं कशाला?"

"लिही. मी सांगते ना."

त्याने लिहिलं. मावशीने दुसरा कागद पुढे सरकवला. "यावर वर क्रूस काढ. हा गेलेल्यांचा. निकोलास, माझा नवरा." तिने कागदावर बोट ठेवलं. "त्याच्या खाली मार्कोस."

स्त्रातिसने मान वर केली नाही. पेनही हललं नाही.

"लिही, बाळा," त्याच्या पाठीवर हात ठेवत मावशी म्हणाली. "पहिल्याच दिवशी धुतला मी तुझा रुमाल. म्हटलं, सुट्टीला आलाय बिचारा, आधी चार घास सुखाने खाऊ दे."