बाटली तीच

या, सरका जरा जवळ. देवाचं नाव घेऊन बसलाच आहात, तर एका दमलेल्या औषध निरीक्षकाची गोष्ट ऐका.

दुकानाचं शटर अर्धं ओढून तो स्टुलावर बसला होता. भोवती जप्त केलेली खोकी, बोटांना सील ठोकायच्या लाखेचा वास. तीस वर्षं हेच. एक दुकान बंद करावं, तर दोन गल्ल्या सोडून दुसरं उघडे. पाय दुखत होते, आणि पायांहून मन जास्त.

त्याने लेबल मोठ्याने वाचलं. "'हृदय बळकट करी, सूज उतरवी, बेचाळीस रोगांवर एकच उपाय.' आजोबा, त्रेचाळिसावा का सोडलात?"

"तो तुमच्या खात्याला ठेवला, साहेब," म्हातारा दुकानदार म्हणाला. मग आवाज उतरवून, "तुमच्या मातोश्री आमच्याच गिऱ्हाईक. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हात टेकले होते ना? आज जिना चढतात. आता सांगा, लेबल खोटं?"

निरीक्षकाने बोटावर थेंब घेऊन चाखला. गोडमिट्ट सरबत. नमुना तपासणीला पाठवला, एक लेबल फायलीला लावलं, एक जादाचं खिशात राहिलं.

संध्याकाळी घरी आला, तर आई वाटी संपवून तोंड वेडंवाकडं करत होती. "कडू जहर! पण औषध कडूच हवं. नाहीतर तुमच्या त्या डॉक्टरच्या गोळ्या. मेले तरी शिवायची नाही."

त्याने कोनाड्यातली त्याच लेबलाची बाटली उचलली आणि मोरीत रिकामी केली.

"अहो, एवढी एक राहू द्या ना," बायको खलबत्ता पुसत म्हणाली. संध्याकाळी काहीबाही कुटत बसायची तिची सवयच होती.

"जगाला एक न्याय आणि घराला दुसरा? नाही जमायचं. मला खोटं पचत नाही."

"ते मात्र खरं," आई फणकारली. "याचं तोंड म्हणजे आरसा. लहानपणी चोरून गूळ खायचा, तर मला याच्या कपाळावर दिसायचा."

बायको देवापुढे जाऊन कान पकडून उभी राहिली. तेही रोजचंच.

पाचव्या दिवशी आईचे पाय सुजले. आठव्या दिवशी पाठीला तीन उशा लावल्या तरी धाप थांबेना. त्याच सकाळी अहवाल हातात पडला: साखर, पाणी, खाण्याचा रंग. बाकी काही नाही. त्याने तो दोनदा वाचला. मग सहा वर्षं आईला तारलं कोणी?

डॉक्टर घरी आले. नाडी धरूनच त्यांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद?"

"तिने कधी घेतल्याच नाहीत."

"अहो, दर महिन्याला नेतात की या!" डॉक्टरांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं.

तिने त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि खलबत्ता पुढ्यात ठेवला.

"सहा वर्षं रोज कुटून त्या सरबतात कालवते. दुधात घालून पाहिलं, भाजीत घालून पाहिलं, थुंकतात. कडू चालतं ते त्या एका बाटलीतलं."

"मला सांगायचंस तरी!"

"तुम्हाला? तुमच्या तोंडावर त्यांनी तेव्हाच वाचलं असतं."

त्याने स्वतः साखरेचा पाक केला, रंग घातला, धुतलेल्या बाटलीत भरला. खिशातलं लेबल काढून डिंक लावला, आणि ज्या अंगठ्याने त्या खोक्यांवरची लाख दाबली होती, त्याच अंगठ्याने ते नीट चिकटवलं. हृदय बळकट करी.

बायकोने बाटली आईसमोरच वाटीत ओतली. पूड आधीच तळाशी होती.

"तीच का रे?" आईने विचारलं.

"तीच," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

आईने वाटी संपवली. "हं. कडू. तीच."

बाबांनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा कान पकडणाऱ्या त्या सुनेची आठवण काढा. आणि त्या आईचीही, जिने जन्मभर मुलाचं तोंड वाचलं, पण त्या दिवशी "तीच का रे?" विचारायच्या आधीच डोळे घट्ट मिटून घेतले होते.