जिपारचं तळं

संगणकाच्या पडद्यावर तळं उघडलं, तेव्हा ओमुरबेकनं आधी दार लोटून घेतलं. पलीकडच्या खोलीत त्याची बायको जिपार पडून होती.

डोळे मिटण्याआधी तिला एकदा माहेरचं तळं बघायचं होतं. ते तेरेक खिंडीपलीकडे. ओमुरबेक कॅमेरा घेऊन निघाला, पण खिंड बर्फानं बंद झाली होती. वाट पाहून पाहून तो अलीकडच्या तळ्याकडे वळला, त्याचाच फोटो काढला आणि घरी येऊन म्हणाला, जाऊन आलो.

पण हे अलीकडचं तळं जिपारच्या चांगल्या ओळखीचं. हिवाळा फोटोच्या दुकानात आणि उन्हाळा मेंढ्यांमागे या तळ्यावर, असाच त्यांचा सगळा संसार झाला होता. तिनं ओळखलं तर संपलंच.

कॅमेऱ्यातली कच्ची, रॉ फाईल करडी, मरगळलेली होती. त्यानं उजेड वाढवला, सावल्या उघडल्या, तिरकं क्षितिज सरळ केलं. इथवर नेहमीचं काम. मग डोंगराच्या दोन शिखरांतलं एक पुसून तिथे आकाश भरलं. काठावरचा काळा खडक गवताखाली गाडला. हिरवट पाणी निळं केलं. तिच्या माहेरी निळं पाणी आणि एकच शिखर होतं, हे त्यानं तिच्याच तोंडून हजारदा ऐकलं होतं.

छोटा प्रिंट काढून त्यानं तिच्यासमोर धरला. औषधानं तिच्या पापण्या जड झाल्या होत्या. ती बराच वेळ बघत राहिली.

"पाण्यात नीळ टाकलीस का रे म्हाताऱ्या?" ती म्हणाली. "हिरवट असायचं ते."

त्यानं वाद घातला नाही. या औषधानं आठवणी एकमेकींत मिसळतात, असं डॉक्टर म्हणालेच होते. त्यानं पाणी हिरवट केलं. पुढच्या प्रिंटवर तिनं दुसरं शिखर कुठे गेलं म्हणून विचारलं. त्यानंतर काठावरचा खडक मागितला, बोट ठेवून, अमुक ठिकाणीच.

बाहेर बर्फ पडत राहिलं. प्रिंटरमधून तळं ओळीओळीनं उतरत राहिलं. प्रत्येक प्रिंट छातीवर ठेवून ती झोपी जायची. तिच्याजवळ बसून त्याला वाटायचं, हिच्या माहेरचं पाणी हळूहळू या पाण्यात मिसळून चाललंय. तेवढं एक तरी तिच्यापाशी उरायला हवं होतं. पण ती मागेल ते तो देत गेला.

"आता झालं," ती एकदाची म्हणाली. "मोठा काढ."

त्यानं जाड मॅट कागदावर मोठा प्रिंट काढला आणि तिच्या खाटेसमोर लावला.

दुपारी शेजारची उमसुन मटणाचं गरम सूप, शोर्पो, घेऊन आली. ओमुरबेक स्वयंपाकघरात चहा ओतत होता. दार उघडंच होतं.

"काय गं, जाऊन आलीस एकदाची माहेरी?" उमसुन म्हणाली.

"कसलं माहेर," जिपार म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता. "हे आमचं तळं. तिन्ही पोरं इथेच चालायला शिकली. म्हाताऱ्यानं निम्मं पुसून आणलं होतं. एकेक मागून परत घेतलं मी."