मिठाची ओळ

"ही ओळ एकट्याच्या दगडावर मी घालत नाही, आजोबा," हिलारुस म्हणाला आणि त्याने छिन्नी परत हातात घेतली.

ओपिउस म्हातारा भर उन्हातून चालत आला होता. रेआते गावाबाहेर, मिठाच्या गाड्या रोमकडून येतात त्या रस्त्यावर, हिलारुसचं थडग्याचे दगड घडवायचं दुकान होतं. जिवंतपणीच आपला दगड करून ठेवणारे तिथे रोजच येत. त्यात कुणाला काही वाटत नसे. पण ते बायकोला घेऊन येत, मुलांना घेऊन येत, आणि अक्षरं केवढी असावीत यावरून भांडत. ओपिउसशी भांडायलाही कुणी नव्हतं.

"का नाही घालत?"

"अहो, शोभत नाही. जोडप्यांची ओळ आहे ती. तिकडे बघा की!"

भिंतीला आठ-दहा तयार दगड टेकून उभे होते. प्रत्येकावर एक पुरुष आणि एक बाई, हातात हात दिलेले. चेहरे कोरेच होते. गिऱ्हाईक आलं की नाक-डोळे काढायचे. खालची ओळ मात्र आधीच कोरलेली होती: समोर कुणी जेवत असेल, तर मिठावाचून अडत नाही.

ओपिउसने अक्षरांवरून बोट फिरवलं. आयुष्यभर त्याने कविताच केली होती. बड्या लोकांच्या पंगतीत ती म्हणून दाखवली; लोकांनी माना डोलावल्या, हात पुसले आणि ते घरी गेले. एवढ्या लिखाणातून ही एक ओळ तेवढी लोकांच्या तोंडी राहिली, तीही बिननावाची. मरणानंतर ती आपल्या नावाखाली असावी, कुणी वाटसरू ती वाचायला थांबावा, एवढंच त्याला हवं होतं.

"ही ओळ माझी आहे," तो म्हणाला.

"सगळ्यांचीच आहे."

"तसं नव्हे रे. मी लिहिली."

हिलारुस मनापासून हसला. "मागच्या महिन्यात एक गाढववाला येऊन गेला. त्याच्या आजोबांनी लिहिली म्हणे! अहो, लिहिणारा मरून कैक वर्षं झाली. माझा बाप हीच ओळ कोरायचा."

"तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो."

"बरं, बरं. तुमच्यासाठी दुसरं काहीतरी छान शोधू. 'कुणाचं वाईट केलं नाही' कसं वाटतं? एकट्या माणसांना ते बरं जातं."

ओपिउसने ओळीवरचं बोट काढलं नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात भटारखान्याची त्रेबिया बसली होती. तिचा नवरा फाउस्तुस हिवाळ्यात गेला होता, आणि त्याचं नाक दगडावर फार सरळ आलंय म्हणून ती सकाळपासून हटून बसली होती. हिच्यापुढे हिलारुसची मात्रा चालत नव्हती. इतका वेळ ती निमूट ऐकत होती.

"खरंच तुम्ही लिहिलीत, बाबा?"

"हो."

"आम्ही चाळीस वर्षं म्हटली ती. पीठ संपलं की म्हणायचो, तेल संपलं की म्हणायचो. भांडण झालं की तो ताट पुढे सरकवायचा आणि अर्धीच म्हणायचा. उरलेली मी म्हणायची, म्हणजे भांडण मिटलं." ती जरा थांबली. "तुमच्या समोर कोण जेवायचं?"

"कुणीच नाही."

"बायको?"

"केली नाही."

"अगबाई! मग तुम्हाला हे कळलं कसं?"

ओपिउसने रस्त्याकडे पाहिलं. मिठाची एक गाडी करकरत चढण चढत होती.

"मीठ रोज कमी पडायचं, बाई," तो म्हणाला.

हिलारुसची छिन्नी थांबली. त्याने म्हाताऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, मान खाली घातली, आणि मागच्या ढिगातून एक अरुंद दगड ओढून काढला. एकाच माणसापुरता. त्यावर फुंकर मारून तो कोळशाने ओळीची आखणी करू लागला.

"नाव सांगा, आजोबा. पूर्ण सांगा."

त्रेबिया उठली. अंगावरचा दगडाचा चुरा तिने झटकला. दर फेब्रुवारीत, मेलेल्यांच्या दिवसांत, लोक आपापल्या माणसांच्या दगडापाशी दारूत भिजवलेला पाव आणि मिठाचे चार खडे ठेवून येतात. ज्यांचं कुणी नसतं त्यांच्या दगडापुढे गवत वाढतं. ओपिउसला ते ठाऊक होतं. ते गवत त्याने पुष्कळदा पाहिलं होतं.

"कुठे बसवणार तुमचा दगड?" तिने विचारलं.

"तिसऱ्या मैलापाशी. डाव्या हाताला."

"आमचा फाउस्तुस चौथ्यापाशी आहे." दारात पोचल्यावर ती वळली. "मिठाची पुडी जरा मोठी बांधीन."