बागेचा हिरवा

सरपंच व्यंकटरावांनी बोट ठेवलं ते नेमकं भीमनगरवर.

शाळेच्या वर्गात चार टेबलं जोडून त्यांवर सगळं गाव मांडलं होतं. आदर्श गाव स्पर्धेची समिती दुपारी यायची होती. परभणीहून आलेल्या गोपाळनं पाच दिवस बसून थर्माकोलची घरं कापली होती, एकेक घर एअरब्रशनं रंगवलं होतं. पत्र्यांना गंज दिला, भिंतींना ओल दिली. भीमनगरच्या सतरा घरांच्या मधोमध आगपेटीएवढं निळं बुद्धविहार होतं.

"एवढं काढा, पेंटर. तिथं बाग दाखवा."

तिथं तर लोक राहतात, असं गोपाळ म्हणाला.

"मॉडेलात माणसं कुठं असतेत?" व्यंकटराव शांतपणे म्हणाले आणि मंडप बघायला गेले.

गोपाळनं पात्यानं घरं उचकटली. डिंक पक्का होता, खालचा पुठ्ठाही सोलून निघाला. त्यावर आधी गडद हिरवा मारला, मग पोपटी, कडेनं पिवळ्याची हलकी फुंकर. ऊन पडल्यासारखं दिसायला लागलं. हात थांबतच नव्हता. साऱ्या गावात बागच सर्वांत देखणी झाली.

समितीचे लोक बागेपाशीच जास्त रेंगाळले.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दगडाबाई भीमनगरच्या. पाच दिवस गोपाळला त्यांनीच घरून भाकरी आणली होती. आज दुपारी त्यानं ती परत केली, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

समिती गेल्यावर गावाला आत सोडलं. दगडाबाई गल्लीतल्या बायांना घेऊन आल्या. शाळा सापडली, एसटीचा थांबा सापडला. त्यांचं बोट रस्त्यावरून हळूहळू पुढं गेलं, टाकीपासून उजवीकडं वळलं आणि अधांतरी राहिलं.

"लेकरा, आमची गल्ली कुठं हाय?"

गोपाळ कॉम्प्रेसरची नळी गुंडाळत होता. त्यानं वर बघितलं नाही. बोट बागेवर टेकणार, एवढ्यात तो म्हणाला, "हात लावू नका मावशी. रंग ओला आहे."

रंग सकाळीच वाळला होता.

दगडाबाईंनी बोट झटकन मागं घेतलं. मग बायांकडं वळून म्हणाल्या, "मागं सरका गं. पोराचं काम खराब व्हईल."

आणि दोन्ही हात आडवे धरून त्या बागेपुढं उभ्या राहिल्या.