तळ्यावरचं खोपट

मिनेसोटातल्या कडाक्याच्या थंडीत मार्लिस दिवसभर गरम पाण्याची किटली घेऊन खुराड्याकडे धावायची. ती घरात परतेपर्यंत कोंबड्यांच्या पाण्याचा पुन्हा दगड झालेला असायचा.

"अरे आर्विड, खुराड्यात एखादा हीटर तरी लावून दे."

"अगं, या थंडीत पाणी गोठणारच. त्याला कोण काय करणार?" असं म्हणून नवरा गळ उचलायचा आणि गोठलेल्या तळ्यावरच्या आपल्या खोपटात जायचा. तिथे बर्फाला पाडलेलं भोक गोठू नये म्हणून शेगडी पेटवून माशांची वाट बघत बसायचा.

शनिवारी त्याने खोपटाचं दार उघडलं, तर शेगडी आधीच पेटलेली. भोकाभोवती दाटीवाटीने त्याच्याच कोंबड्या पाणी पीत होत्या.



"दार लाव आधी," कोपऱ्यात विणत बसलेली मार्लिस म्हणाली, "पाणी गोठेल."